फड आणि केंद्र : नेतृत्व कोणाचे?

१

लोकसाहित्याच्या तासाला एकदा मी फळ्यावर काही नावे लिहिली. जे. आर. डी. टाटा, जमशेद भाभा, नारायण मेनन, पु. ल. देशपांडे, अशोक दा. रानडे, विजया मेहता, खुशरू सनटूक. मुंबईला नरिमन पॉइंटवर समुद्राच्या काठी उभे असलेले 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स', ज्याला सारेजण एन.सी.पी.ए. म्हणतात, त्याची आखणी करणाऱ्या आणि वेगवेगळ्या काळात ते चालवणाऱ्या माणसांची ही नावे. प्रयोगकलांच्या संस्था कशा उभ्या राहतात, हे मला शिकवायचे होते. मागच्या बाकावरून, इंदापूर तालुक्यातून रोज एस.टी.ने बारामतीला येणाऱ्या एका मुलाने विचारले, "मॅडम, यांतला ढोलकी वाजवणारा कोण?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. मी त्या मुलाला म्हटले, पुढच्या तासाला सांगते. पुढच्या तासालाही मला सांगता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रश्न वरवर पाहता भाबडा आहे. संस्था चालवणाऱ्याने ढोलकी वाजवलीच पाहिजे असे कोण म्हणेल? परंतु त्या मुलाने ओळीने वाचलेल्या नावांत त्याला एक गोष्ट दिसली, जी मला शिकवतानाही दिसली नव्हती. या देशात प्रयोगकला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवली, त्या जातींतला एकही माणूस प्रयोगकलेच्या या राष्ट्रीय केंद्राच्या पहिल्या ओळीत नाही. रंगमंचावर तो अधूनमधून येतो. कोण रंगमंचावर यावे हे ठरवणाऱ्या टेबलापाशी मात्र त्याची खुर्ची नाही. रंगमंच आणि टेबल यांच्यामधल्या या अंतराचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. आपण कविता तपासली, आत्मकथने तपासली, नाटके तपासली. नाट्यगृहाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हे तपासायचे राहून गेले.

२

आधी वस्तुस्थिती नीट पाहू. एन.सी.पी.ए. १९६९ साली स्थापन झाले. कल्पना आणि अपार चिकाटी जमशेद भाभांची, पाठबळ जे. आर. डी. टाटांचे आणि टाटांच्या विश्वस्त निधींचे. नरिमन पॉइंटला समुद्र हटवून केलेली आठ एकर जमीन संस्थेला मिळाली. १९८० साली टाटा थिएटर उभे राहिले. त्याचा आराखडा अमेरिकेचे नामवंत वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचा, आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. १९८६ साली प्रायोगिक नाट्यगृह झाले, १९९९ साली जमशेद भाभा थिएटर झाले. आकाशवाणीचे महासंचालकपद भूषवलेले नारायण मेनन केंद्राच्या सुरुवातीच्या काळात कार्यकारी संचालक होते. पु. ल. देशपांडे यांनी तिथे मानद संचालक म्हणून काम केले. अशोक रानडे यांनी १९८३ ते १९९३ संशोधनाची बाजू सांभाळली. १९९३ पासून २०१० पर्यंत विजया मेहता कार्यकारी संचालक होत्या. २००७ साली जमशेद भाभा गेले आणि अध्यक्षपद खुशरू सनटूक यांच्याकडे आले.

यांतील कोणाच्याही योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रानड्यांनी लोकसंगीताला शास्त्राची शिस्त लावून पाहिले. त्यांचे 'लोकसंगीतशास्त्र' आम्ही आजही अभ्यासतो. विजयाबाईंनी मराठी रंगभूमीला प्रयोगशीलतेची दृष्टी दिली. पु.लं.नी तर 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्यच लिहिले. तमाशाचे वैर कोणी केले असे मी म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. तमाशावर प्रेम करणारे, तमाशाचा अभ्यास करणारे, तमाशाचा बाज घेऊन नाटक करणारे असे सगळे या टेबलापाशी बसले. ज्याच्या घरात तमाशा होता, तो बसला नाही.

सत्तरच्या दशकात ब्रेख्तचे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणले, आणि ते विजयाबाईंनी तमाशाच्या अंगाने बसवले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'ने खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा अशा कितीतरी लोकरूपांचा साज चढवला आणि जगभर दौरे केले. दोन्ही प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात मानाने नोंदवले गेले, आणि ते योग्यच झाले. पण या सगळ्या व्यवहारात एक रीत पक्की झाली. रूप तमाशाचे, बुद्धी दुसऱ्याची. गण, गवळण, बतावणी, वग हा सांगाडा उचलून नेता येतो. तो ज्यांनी घडवला त्यांना सोबत नेण्याची गरज पडत नाही. फडातला गडी 'लोककलावंत' राहतो, त्याची कला उचलणारा 'दिग्दर्शक' होतो. आणि उद्या केंद्राला संचालक हवा झाला म्हणजे दिग्दर्शकांतूनच निवडला जातो.

३

यावर नेहमीचे उत्तर तयार असते : "कलावंत म्हणून ते थोरच, पण संस्था चालवणे हे वेगळे कसब आहे. त्याला शिक्षण लागते, हिशोब लागतो, माणसे सांभाळण्याची हातोटी लागते." हे उत्तर मी चांगल्या, पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून त्याच्याशी मुक्काबला केला पाहिजे.

माझ्या आजीची धाकटी बहीण ढोलकीच्या फडात होती. आम्ही तिला धाकली आजी म्हणत असू, पण तेही घरात, हळू आवाजात. बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असा जातो. तुकोबांची पालखी आषाढात याच मुलखातून पंढरीला जाते आणि दसऱ्यानंतर याच रस्त्याने फडांच्या गाड्या फिरत. कारखान्याचे बॉयलर पेटले, उसाच्या तोडी सुरू झाल्या, की या पट्ट्यात तंबू पडत. धाकल्या आजीने तरुणपणी सहा-सात हंगाम नाचून काढले. पुढे गुडघे गेले, तेव्हा फडमालकिणीने तिला भटारखाना आणि उचलीचा हिशोब सोपवला. तिला अक्षर येत नव्हते. पण कोणाला पावसाळ्यात किती उचल दिली, त्यातली किती फिटली, कोणत्या गावच्या यात्रा कमिटीने सुपारी ठरवून किती पैसे बाकी ठेवले, कोणत्या मुलीचे बाळ आजारी असल्याने तिला आज नाचायला लावायचे नाही, हे सगळे तिच्या डोक्यात असे. मी एम.ए.ला असताना ती वारली. तोवर मला ती 'लपवायची नातेवाईक' वाटत होती. ती एका संस्थेची व्यवस्थापक होती, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

फड म्हणजे काय असते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, वगातले नट, ढोलकी-हलगी-कडे-तुणतुण्याचे वादक, कनाती ठोकणारे, जनरेटर सांभाळणारे, चालक, आचारी. रोज एक गाव. रोज नवा तंबू, नवी जागा, नवे पोलीस ठाणे, नवी परवानगी, नवे गुंड. पावसाळ्यात माणूस दुसऱ्या फडात जाऊ नये म्हणून उचल द्यायची. ती देण्यासाठी स्वतः व्याजाने पैसे काढायचे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या टाकून गावोगावच्या यात्रा कमिट्यांशी सुपाऱ्या ठरवायच्या. भरवशाचे अनुदान नाही, भरवशाची देणगी नाही. रात्री तिकीट विकले गेले तर सकाळी चूल पेटते. असा कारभार भाऊ-बापू मांग नारायणगावकरांनी केला, कांताबाई सातारकरांनी केला, मंगला बनसोडे यांनी केला. ज्यांना हे जमले त्यांना 'संस्था चालवता येत नाही' असे म्हणणारा माणूस एक तर फडाबद्दल अज्ञानी आहे, किंवा 'संस्था' या शब्दात त्याने आधीच जात घालून ठेवली आहे.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण घ्या. कोणत्याही सत्कार समारंभात त्यांची एकच गोष्ट सांगितली जाते. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. ऐकणारे हळहळतात, डोळे पुसतात. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून झालेला गौरवही सांगितला जातो. पण विठाबाई स्वतःच्या नावाचा फड चालवत होत्या, आणि त्या फडाच्या नावात 'भाऊ मांग' हे शब्द ठळक असत, जात झाकून ठेवलेली नव्हती, ही गोष्ट किती जण सांगतात? सोसणारी बाई आपल्या सांस्कृतिक पुढाऱ्यांना समजते. कारभार करणारी बाई समजत नाही. २००२ साली विठाबाई पैशाच्या विवंचनेत गेल्या. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. त्या हयात असताना कोणत्या अकादमीने, कोणत्या केंद्राने त्यांना 'आमच्या नियामक मंडळावर बसा, फड कसा चालतो ते आम्हाला सांगा' असे म्हटले होते?

४

कलेवर कोणाचा अंमल चालावा, याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. ज्या बारामतीत मी शिकवते, ते मोरोपंतांचे गाव. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पंत इथे राहिले आणि इथेच १७९४ साली गेले. सोलापूरचे राम जोशी तमाशात रमलेले. ते पुढे कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या गाऊ लागले. वाङ्मयेतिहास हे 'उद्धरण' म्हणून कौतुकाने सांगतो. ब्राह्मण कवी तमाशातून कीर्तनात गेला की वर चढला, असा त्याचा अर्थ. तमाशात मागे जे राहिले त्यांचे काय झाले, हे इतिहासाने विचारले नाही. पठ्ठे बापूरावांचे नाव पाठ्यपुस्तकात आले. पवळा त्यांच्या नावाला जोडूनच आठवली जाते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली आणि १९४८ साली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष कोण? महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार. पोतदारांची विद्वत्ता वादातीत. पण महार, मांग, कोल्हाटी स्त्री-पुरुषांच्या पोटाच्या कलेत काय अश्लील आणि काय शिष्ट हे ठरवायला पुण्याचे महामहोपाध्याय लागावेत, यातच सारे आले. तेव्हापासून आजतागायत नेमणुकीची भाषा बदलली आहे, नेमणुकीची रीत बदललेली नाही. तेव्हा 'सुधारणा' करायची होती, आता 'जतन' करायचे आहे. दोन्ही वेळी कर्ता एक, कर्म दुसरे.

याच काळात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने, आणि त्याही आधी भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने वेगळा रस्ता दाखवला होता. जलशात गाणारे आपले, लिहिणारे आपले, पथक चालवणारे आपले. काय सांगायचे हे दुसऱ्या कोणी ठरवून दिलेले नव्हते. गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला, तिथे माणूस आला. जलशाची खरी क्रांती मला इथे दिसते : आशय बदलला, कारण नेतृत्व आधी बदलले होते. आशयाबद्दल आपण पुष्कळ लिहिले, नेतृत्वाबद्दल कमी.

५

आता कोणी म्हणेल, एन.सी.पी.ए. ही विश्वस्त संस्था आहे. पैसा त्यांचा, मंडळ त्यांचे. तुम्ही विचारणारे कोण? याला दोन उत्तरे आहेत. पहिले : नावात 'राष्ट्रीय' हा शब्द त्यांनीच घातला आहे. राष्ट्र म्हणायचे आणि राष्ट्रातल्या चार-दोन समाजांतूनच माणसे निवडायची, हे जमणार नाही. जमीनही समुद्राची, म्हणजे सर्वांची. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते नेतृत्वाच्या शक्तीबद्दल आहे.

२००६ साली या केंद्राने 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा केला. पुढाकार सनटूक यांचा. कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह संगीत दिग्दर्शक म्हणून आले आणि परदेशातून वादक आले. भारतात असा व्यावसायिक वाद्यवृंद नव्हता. तो निर्माण करण्यात आला. मला या वाद्यवृंदाचा राग नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. चांगल्या संगीताला आपण परके मानत नाही. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. टेबलापाशी बसलेल्या माणसाला एखादे संगीत प्राणापलीकडे आवडत असेल, तर त्यासाठी हजारो मैलांवरून माणसे येतात, त्यांना वेतन मिळते, सरावाला खोली मिळते, हंगाम ठरतो. 'परंपरा नाही', 'श्रोते नाहीत', 'पैसा नाही' या अडचणी आड येत नाहीत. मग दोनशे किलोमीटरवर असलेल्या ढोलकीसाठी त्याच अडचणी का सांगितल्या जातात? वेतन घेणारा, वर्षभर सराव करणारा, स्वतःचा वग लिहवून घेणारा एखादा ढोलकीचा फड राष्ट्रीय केंद्राचा का असू नये? उत्तर सरळ आहे. ज्याला तो हवासा वाटला असता, असा माणूस टेबलापाशी नव्हता.

पैशाबद्दलही एक नोंद करून ठेवू. जमशेद भाभांनी आपल्यामागे मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' बंगला केंद्राला दिला. २०१४ साली तो लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. दात्याचे दातृत्व मोठे, यात शंका नाही. सहा वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, ऐन पाडव्याच्या तोंडावर टाळेबंदी आली. २०२० आणि २०२१ अशा दोन वर्षांच्या यात्रा बुडाल्या. फडांनी दिलेल्या उचली अडकल्या, वादक मजुरीला गेले. एका बाजूला गंगाजळी आहे, दुसऱ्या बाजूला उचलीचे व्याज आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांना आपण 'कलाक्षेत्र' या एकाच शब्दात बसवतो, हीच मुळात फसवणूक आहे.

६

जगात याहून वेगळे काही घडले आहे का? घडले आहे, आणि जिथून पँथरने १९७२ साली आपले नाव घेतले त्याच देशात घडले आहे. न्यूयॉर्कचे लिंकन सेंटर ज्या जागेवर उभे राहिले तिथे सॅन हुआन हिल नावाची काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांची वस्ती होती. ती पाडण्यात आली. तिथे ऑपेरा आला, सिम्फनी आली, बॅले आला. त्याच शहरात वाढलेल्या जॅझला मात्र दारात उभे राहावे लागले. १९८७ साली उन्हाळ्यात जॅझचे काही कार्यक्रम सुरू झाले. त्यांचे कलात्मक नेतृत्व न्यू ऑर्लिन्सच्या संगीतकार घराण्यातून आलेल्या विन्टन मार्सालिस या काळ्या वादकाकडे होते. १९९६ साली जॅझला ऑपेरा आणि सिम्फनीच्या बरोबरीचा घटक म्हणून मान्यता मिळाली, आणि २००४ साली स्वतःची सभागृहे मिळाली. वस्ती परत आली नाही, हे खरे. पण जी कला काळ्या माणसांनी घडवली, तिचा कारभार तिथे काळ्या माणसाच्या हाती आला. कार्यक्रम ठरवणे, तरुणांना शिकवणे, निधी उभा करणे ही कामे 'लोककलावंता'ने केली आणि उत्तम केली.

याच अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचे विश्वस्त बदलले आणि स्वतः अध्यक्षपद घेतले. सत्ताधाऱ्यांना त्या खुर्चीची किंमत बरोबर कळते. ती कळत नसेल तर फक्त आपल्याला.

आपल्याकडेही चिन्हे अगदीच नाहीत असे नाही. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे २०१३ ते २०१८ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक झाले. उत्तम बंडू तुपे यांच्या 'झुलवा' कादंबरीवरचे जोगतिणींचे नाटक याच केंद्र्यांनी बसवले होते. २०१९ साली नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद 'घोटभर पाणी'च्या प्रेमानंद गज्वींकडे आले. आपल्या बारामतीतही २०१२ च्या डिसेंबरात नाट्यसंमेलन झाले; अध्यक्ष होते 'घाशीराम'मधले नाना, डॉ. मोहन आगाशे. संमेलनाचे अध्यक्षपद हा मान आहे. मंडप उतरला की तो संपतो. मला हवे आहे ते पद वर्षाचे ३६५ दिवस चालणारे, अंदाजपत्रकावर सही करणारे आहे. शिवाय एखादा केंद्रे वर जातो तेव्हा तो एकटा जातो. नेतृत्व म्हणजे एक माणूस नव्हे. ते मंडळ असते. नाट्यप्रमुख, संगीतप्रमुख, ग्रंथसंग्रह पाहणारा, कार्यक्रम ठरवणारा, पैसे मागायला जाणारा. या साऱ्या साखळीत आपण किती आहोत, असा प्रश्न आहे.

७

इथवर दुसऱ्यांकडे बोट दाखवले. आता आपल्याकडे वळले पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

बाबासाहेबांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेला पैसा नाकारल्याची आठवण आपल्याकडे सांगितली जाते. जातीने लादलेल्या, बाईच्या देहाला बाजारात उभे करणाऱ्या व्यवहाराचा पैसा समतेच्या लढ्याला नको, हा त्यामागचा विचार. तो मी शिरसावंद्य मानते. तमाशा ही केवळ कला नव्हती, ती जातीने वाटून दिलेली गुलामीही होती. येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात हे ताण फार बारकाईने उलगडले आहेत : अश्लीलतेचा शिक्का जात कसा मारते, आणि त्या शिक्क्याखाली दबलेल्या बाया माणूसपण कसे मिळवत राहतात. म्हणून 'आमची थोर लोककला' असा गळा काढणाऱ्यांत मला सामील व्हायचे नाही.

पण बाबासाहेबांनी व्यवहार नाकारला; आपण माणसे नाकारली. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना वडील मला म्हणाले, "धाकल्या आजीचं नाव काढू नगंस." आमचे पाहुणे चळवळीतले होते, शिकलेले होते. मीही नाव काढले नाही. त्या दिवशी आपण एका अभिजन मंडळाचा ठराव आपल्याच घरात मंजूर करत आहोत, हे मला कळले नव्हते. शिकलेल्या पहिल्या पिढीने मास्तरकी घेतली, बँक घेतली, तहसील कचेरी घेतली, आणि कलेचा कारभार मोकळा सोडून दिला. मोकळी जागा मोकळी राहत नाही. आपण लाजेपायी सोडलेल्या खुर्चीवर दुसरा कौतुकाने बसला, तर चूक सारी त्याचीच कशी?

ही लाज अजून संपलेली नाही. एका महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची समिती ठरवताना मी हलगी वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याचे नाव सुचवले. "तो कार्यक्रम करील ना, समितीत कशाला?" असे उत्तर मिळाले. ते देणारे सहकारी आपल्यापैकीच होते. नरिमन पॉइंटचा कारभार इतक्या जवळ, आपल्या स्टाफरूमपर्यंत आलेला आहे.

८

तेव्हा मागणी काय? नुसते 'प्रतिनिधित्व द्या' म्हणून भागणार नाही. सत्काराची शाल हेही त्यांच्या लेखी प्रतिनिधित्वच असते.

राष्ट्रीय म्हणवणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या नियामक मंडळावर फड किंवा पथक चालवलेली माणसे मताधिकारासह हवीत. सल्लागार म्हणून नकोत. लोककलेला महोत्सवापुरते न बोलावता तिचा कायम विभाग हवा, वाद्यवृंदासारखा वेतनी फड हवा, आणि त्याचा प्रमुख त्या परंपरेतून आलेला हवा. ध्वनिमुद्रणांचे जे संग्रह आहेत त्यांत गाणाऱ्या बाईचे आणि साथीदारांचे नाव हवे, आणि त्यांच्या वारसांचा वाटा हवा. अक्षरशत्रू फडमालकिणीला इंग्रजी इतिवृत्त वाचता येत नसेल तर इतिवृत्त मराठीत लिहावे. माणूस बदलण्यापेक्षा कागदाची भाषा बदलणे सोपे आहे.

आणि आपल्या तरुणांना मी सांगेन : नट व्हा, कवी व्हा, पण व्यवस्थापकही व्हा. हिशोब शिका, विश्वस्त कायदा वाचा, नाट्यगृहाच्या तारखा कोण देतो ते पाहा. सुरुवात मुंबईपासून करायची गरज नाही. बारामतीत आणि इंदापुरात सभागृहे आहेत, महाविद्यालयांत सांस्कृतिक मंडळे आहेत, गावोगावी यात्रा कमिट्या आहेत. सुपारी ठरवणाऱ्या कमिटीत फडाच्या बाजूचे, आपल्या वस्तीचे कितीजण आहेत, एवढे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या मुलाला आता मी उत्तर देऊ शकते. यांतला ढोलकी वाजवणारा कोणी नाही, बाळ. म्हणून फळ्यावरची यादी वहीत उतरवून घे आणि खाली काही ओळी कोऱ्या सोड. पहिल्या ओळीवर मी माझ्या धाकल्या आजीचे नाव लिहिले आहे. तिने हिशोब चोख ठेवला होता. पुढच्या ओळी भरण्याचे काम तुझ्या पिढीचे आहे.